मदत हवी आहे: लेक आयोवातल्या छोट्या गावातल्या कॉलेजला चाललीय, तयारी काय काय करू?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. मुलीला अमेरिकेत आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजला अॅडमिशन मिळालीय, बीए, चार वर्षं. व्हिसा झालाय, ऑगस्टमध्ये निघायचंय. पाठवायचं की नाही ते घरात बोलून झालंय, खर्चाचा मोठा भाग कॉलेजच उचलणार आहे, नाहीतर वर्षाला ८५ हजार डॉलरच्या वरचा आकडा आम्हाला झेपलाच नसता. प्रश्न तयारीचा आहे.

झालंय काय की इथे ज्याला विचारावं त्याचा मुलगा एमएसला गेलेला, न्यू जर्सी नाहीतर टेक्सास, चार आपली पोरं मिळून फ्लॅट, जवळच पटेल ब्रदर्स (भारतीय किराणा दुकान), त्यामुळे सगळे सांगतात कुकर दे, मसाल्याचा डबा दे. हिचं तसं नाहीये ना. ग्रिनेलची वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास, कॉलेजात साधारण सतराशे मुलं, भोवती मका आणि सोयाबीनची शेतं, मोठं शहर म्हणजे डे मॉइन, ते जवळजवळ ९० किमीवर. हॉस्टेलला राहायचं, मेसमध्ये जेवायचं, गाडी नाही, आणि ही आत्ता कुठे अठराची झाली. सासऱ्यांना मात्र तिथलं सोयाबीन फार आवडलं, आपल्या माळव्यात त्यांनी जन्मभर तेच पिकवलं, तिकडे पेरणी कधी करतात ते विचारून कळव म्हणून तिला सांगून ठेवलंय.

नातेवाईक विचारतात ब्रँच कोणती. तिथे विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवायचा असतो, पहिल्या वर्षी सक्तीचं फक्त एक ट्युटोरियल, बाकी मुलं आपल्या अॅडव्हायजरशी बोलून निवडतात. मला हे मनापासून पटलंय, तिला इतिहास पण हवाय आणि बायॉलॉजी पण. इंटेलवाले रॉबर्ट नॉइस तिथलेच, १९४९ चे, हे सांगितलं की लोक जरा ऐकून घेतात.

तर मला विचारायचंय ते हे. गरम कपडे इथून घेऊ का तिथे? शाकाहारी आहे, अंडं खाते, मेसमध्ये भागेल का? डिसेंबरच्या मोठ्या सुट्टीत सगळी मुलं घरी जातात तेव्हा ही कुठे राहणार? आणि सगळ्यात मोठं टेन्शन म्हणजे ही एकटी पडली तर सांगणार नाही, लहानपणापासून तशीच आहे, ताप आला तरी निजून राहील पण बोलणार नाही. अशा लहान गावात ज्यांची मुलं राहिलीयत त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद, वडोदऱ्याहून:
ताई, अभिनंदन! आमचा मुलगा मिनेसोटात नॉर्थफील्डला होता, ते पण गावच, फक्त मिनिआपोलिस तासाभरावर. कपड्यांचं सांगतो, इथून जाड जॅकेट अजिबात घेऊ नका, आपल्याकडचं जॅकेट उणे वीसला पुरत नाही आणि अर्धी बॅग तेच खातं. ऑगस्टमध्ये तिकडे उकाडाच असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथेच घेऊ दे, पैसे वेगळे काढून ठेवा. बुटांवर कंजूषी नको, वॉटरप्रूफ आणि आतून गरम असे पाहिजेत. थर्मल दोन जोड्या इथून चालतील. आणि तिला नीट समजावून सांगा की वारा धरून उणे २८ च्या आसपास गेलं की उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते, टोपी हातमोजे म्हणजे फॅशन नाही. 

दात आणि चष्मा इथे करून घ्या, तिकडे फार महाग. लसींचे कागद डॉक्टरांकडून इंग्रजीत सही-शिक्क्यासकट. आय-२० (व्हिसासाठी कॉलेजने दिलेला कागद) हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चुकूनही नाही. शिकागोवरून जाणार असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं आणि बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, तर पुढच्या फ्लाइटमध्ये तीन-चार तास तरी ठेवा. 

पैशाचं, वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलं की बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते, रिटर्न भरताना तो जमा धरतात. बँकेच्या शिक्षण कर्जातून गेले तर लागत नाही.

सुट्टीचं आत्ताच इंटरनॅशनल ऑफिसला ईमेल करून विचारा, आणि ईमेल मुलीलाच करू द्या. तिथे आईवडिलांपेक्षा मुलांशीच बोलतात.

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून:
मी स्वतः अशाच गावातल्या कॉलेजात शिकले म्हणून लिहिते. मेसमध्ये भागतं काकू, पण चीज-पास्त्याचा कंटाळा येतो, चटणी-लोणचं द्याच. एकटं वाटतं ते पहिल्या आठवड्यात नाही, तेव्हा धमाल असते. नोव्हेंबरमध्ये वाटतं, पाच वाजता अंधार, घड्याळं बदलतात आणि भारताशी फरक साडेदहाचा साडेअकरा तास होतो, फोनची ठरलेली वेळ मोडते. तेव्हा जपा. "बरी आहेस ना" विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. आज कोणाबरोबर जेवलीस विचारा. आणि कॅम्पसवर एखादं काम धरायला सांगा, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत करता येतं, मला माझी माणसं लायब्ररीच्या काउंटरवर भेटली.

मूळ लेखिका:
दोघांचे खूप खूप आभार, हे जेवणाचं विचारायचं मला कधीच सुचलं नसतं. शिकागोला आमच्या तिकिटात दोनच तास आहेत, आज एजंटशी बोलते. ईमेल ती रात्री लिहिणार आहे, मी वाचणारसुद्धा नाही. अजून एक, सोबत शेव आणि जीरावन द्यायचंय, घरचा मसाला कस्टममध्ये अडवतात का हो? कोणी अलीकडे नेलं असेल तर सांगा, पॅकिंग त्यावर अडलंय.