क्रोशाचा गोल रुमाल वाटीसारखा का वळतो?

प्रश्न, परभणी: ताटावर झाकायला सुती दोऱ्याचा रुमाल विणायलेय. पहिल्या फेरीत 12 खांब (उंच टाके) घेतले, पण चौथ्या फेरीपासून कडा वर उचलायल्यात. सगळं उसवू का?

लातूर: सगळं कशाला? ताई, आधी खांब मोजा. 12 नंतर 24, 36, 48, दर फेरीला 12 वाढलेच पाहिजेत. चौथ्या फेरीत मागच्या फेरीच्या दोन घरांत एकेक खांब, तिसऱ्यात दोन. वाढ चुकली की वाटी, जास्त झाली की झालर. मुक्या खांबाला (बुटक्या टाक्याला) मात्र 6 चीच वाढ.

नांदेड: मोजणी बरोबर असूनही वळत असेल तर हात घट्ट आहे, सुई एक नंबर मोठी घ्या. किरकोळ वळण असेल तर रुमाल ओला करून टॉवेलवर ताणा, न गंजणाऱ्या टाचण्या लावा. साबुदाण्याची पातळ खळ दिली की कडा ताठ राहतात.

परभणी: चौथ्या फेरीत 48 ऐवजी 47 खांब भरले! आणि लोकरीचं पांघरूण दर ओळीला अरुंद होतंय, ते?

लातूर: ओळ संपवून काम उलटं फिरवताना घातलेल्या 3 साखळ्या म्हणजे एक खांब. ओळीचा शेवटचा खांब त्यातल्या तिसऱ्या साखळीत घाला, तोच सुटतोय. अॅक्रिलिक लोकर असेल तर गरम इस्त्री लावू नका, चपटी झाली की पुन्हा फुगत नाही.