४,२९,४९,६७,२९७ मूळ आहे का? (घरच्या ग्रुपवरून)

ताई: चिनू सकाळपासून या आकड्यामागे लागलाय. ४,२९,४९,६७,२९७. मूळ संख्या आहे का विचारतो. मी ३, ७, ११, १३ ने भागून पाहिलं नि हात टेकले.

नाना: अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने जात नाही. शेवटी ७, म्हणजे २ आणि ५ बाद. मूळच असणार.

मी: नाना, फर्मा या जुन्या फ्रेंच गणितज्ञालाही तसंच वाटलं होतं 😄 २ चा ३२वा घात अधिक १, तोच हा आकडा. घात १, २, ४, ८, १६ घेतले की ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात, पाचही मूळ. पुढचेही सगळे मूळच निघणार असा त्याचा अंदाज होता.

आत्या: मग पाच वेळा जमलं तर सहाव्यांदा का नाही?

मी: आत्या, तिथेच तर फसला. ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये दाखवलं की याला ६४१ ने निःशेष भाग जातो.

चिनू: मामा, माझ्या प्रोग्रॅमने तर आकडाच १ छापला!

मी: ३२ बिटांचा चल घेतला असशील. त्यात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतो. तुझा आकडा दोनने जास्त, म्हणून फिरून १ वर आला. मोठा, ६४ बिटांचा प्रकार घे.

नाना: पण ६४१ सापडला कसा? वर्गमूळ ६५५३६ च्या आसपास, तिथपर्यंतच्या मूळ संख्याच साडेसहा हजार!

मी: सगळ्या तपासायच्याच नाहीत नाना. याचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येतो, हे ऑयलरनेच सिद्ध केलं. मग मूळ उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारातच काम झालं. मला तर उत्तरापेक्षा ही चाळणीच जास्त आवडते.

ताई: आणि भागाकार न करता पटवता येतं का?

मी: येतं की. ६४१ = ५ × १२८ + १. आपण फक्त ६४१ ने भागल्यावरची बाकी बघू. ५ × (२ चा ७वा घात) हा ६४१ पेक्षा एकने कमी, म्हणून त्याची बाकी उणे १ धर. दोन्हीकडे चौथा घात घे: ५ चा ४था × २ चा २८वा म्हणजे १. आता ६४१ = ६२५ + १६ असंही आहे, म्हणून ५ च्या ४थ्या घाताऐवजी उणे १६ लिही. १६ म्हणजे २ चा ४था घात, तो २८व्याला जोडला की ३२वा. म्हणजे उणे (२ चा ३२वा) = १. एका बाजूला आणलं की आपल्या आकड्याची बाकी शून्य.

आत्या: दोनदा वाचलं. ते ६२५ अधिक १६ कुणाला सुचलं असेल!

चिनू: मामा, ६५५३७ च्या पुढे असा एकही मूळ नाही?

मी: आजवर सापडलेला नाही. याच्या पुढचा, ६४व्या घाताचा, २७४१७७ ने फुटतो. तो तुझ्या मोठ्या प्रकारातही मावणार नाही बघ.

नाना: हाताने भागून पाहिलं. ६७,००,४१७, बाकी शून्य. पहिल्यांदा हातचा चुकला होता, कुणाला सांगू नका.