आगरातून निसटलेले कासव कसे शोधावे?

प्रश्न (गुहागर तालुका)

आमच्याकडे चार वर्षांपासून सुल्काटा जातीचे, म्हणजे आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण कडेला आढळणारे, जमिनीवरचे कासव आहे आणि केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर त्याची रीतसर नोंदणी केलेली आहे. परवा आगराला (घराभोवतीच्या बागेला) शिंपणे चालू असताना बेड्याची, म्हणजे काठ्यांच्या फाटकाची, खालची काठी सरकल्याचे कुणाच्याच लक्षात आले नाही आणि ते बाहेर पडले. आकार जेवणाच्या ताटाएवढा, वजन पाच किलोच्या आसपास, पाठीवरचा उजवीकडचा एक खवला किंचित दबलेला. घराभोवती नारळ-पोफळी, मागे हापूसची कलमे आणि त्यापलीकडे सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार आहे. आम्ही दोन दिवस शोधत आहोत. आई तर रात्रभर बॅटरी घेऊन पडवीत बसते. शोध कुठून सुरू करावा आणि ते किती दिवस तग धरेल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

धीर सोडू नका. चांगले पोसलेले कासव काही आठवडे अन्नावाचून राहू शकते. खरी भीती भुकेची नसून उघड्या विहिरीची, मोकाट कुत्र्यांची आणि आगीची आहे. सध्या भाजावळीचे (जमीन भाजण्याचे) दिवस आहेत, बागांमधून पातेरा, म्हणजे वाळलेला पाला गोळा करून पेटवला जातो, आणि दुपारच्या उन्हात कासव नेमके अशाच गार ढिगात शिरून बसते. म्हणून आज सर्वांत आधी शेजारच्या बागायतदारांना भेटा आणि ढीग काठीने उसकटून पाहिल्याशिवाय पेटवू नये, अशी त्यांना विनंती करा.

गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आडवा आला की कासव सहसा माघारी वळत नाही, त्याच्या कडेकडेने चालत राहते. त्यामुळे बेड्यापासून दोन्ही बाजूंनी गडग्याच्या पायथ्याशी चालत जा आणि कोपरे, चिऱ्यांमधल्या पोकळ्या, पेंढ्याचे ढीग हात घालून नव्हे तर काठीने तपासा, कारण अशा जागी सापही असतात. ही जात मुळातच खोल बिळे खणणारी असल्यामुळे ताजी उकरलेली तांबडी माती दिसली तर तिथे थांबून नीट पाहा. सकाळी ऊन तापण्याआधी आणि दुपारी चारनंतर ते हिंडते, रात्री मात्र एका जागी निपचित असते. तेव्हा आईंनी जागरण करून प्रकृती बिघडवू नये.

प्रतिसाद २

एक गोष्ट तातडीने करा. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे समुद्री कासवांची पिल्ले पाण्यात सोडताना आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी पाहिलेली आहेत, त्यामुळे वाटेत सापडलेले कासवही ते सद्‌हेतूनेच खाडीत किंवा विहिरीत सोडतात. समुद्री कासवाला वल्ह्यासारखे पाय असतात, तर तुमच्या कासवाचे हत्तीसारखे खांब आहेत. ते खोल पाण्यात बुडून मरेल. वाडीत, शाळेत, दुकानावर फोटो दाखवून हे स्पष्ट सांगा. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावरही कळवून ठेवा, म्हणजे कुणी ते तिकडे नेऊन दिले तर ओळख पटेल. पुढे बेड्याची खालची बाजू चिऱ्यांनी बंद करा. पलीकडचे दिसत असेल तर कासव तिकडे जाण्यासाठी धडपडतच राहते.

प्रश्नकर्ता

सापडले! आज सकाळी पाटाच्या ओल्या चिखलात दोन समांतर ओळींत पावलांचे ठसे दिसले. ते थेट कलमांच्या मागच्या गडग्यापर्यंत गेले होते आणि तिथे तांबड्या मातीचा लहानसा ढिगारा होता. वाकून पाहिले तर बिळात तोच दबलेला खवला दिसला. तिथून दोन हातांवर पातेऱ्याचा मोठा ढीग रचलेला आहे. शेजारचे काका तो कालच पेटवणार होते, पण आमचा निरोप पोहोचल्यामुळे थांबले होते. कासवाने आईच्या हातचे कलिंगड खाल्ले आणि आत्ता ते तुळशीमागे झोपले आहे. चिरे आणायला माणूस गेला आहे.