एका खोलीत पाच माणसं असताना प्राणायाम

चाळीतल्या एका खोलीत पाच जण असताना मन शांत कसं करायचं, हा प्रश्न करोनाच्या लॉकडाऊनमध्ये विचारला गेला होता; त्याचं हे उत्तर. पहाटे, घर उठायच्या आधी, रिकाम्या पोटी घडी घातलेल्या चादरीवर बसा. डाव्या नाकपुडीने ४ अंक मोजत श्वास आत, उजवीने ८ अंक मोजत बाहेर. मग उजवीने आत, डावीने बाहेर. हे एक आवर्तन. सुरुवातीला ६ पुरेत. घुसमटायला लागलं तर ४ आणि ८ ऐवजी ३ आणि ६ अंकांवर या. बऱ्याचदा भराभर, जोरात श्वास घेतल्यानेच चक्कर येते, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास रोखून धरणं नवख्यांनी टाळावं, रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच. आणि कृपा करून बातम्या बघून बसू नका, मन तिथेच अडकतं. मुंबईच्या उकाड्यात पंखा खुशाल चालू ठेवा.