देवघरातल्या तसबिरीत लक्ष्मी कायम पायाशीच का? लेकीला काय सांगू?

दांडियाबाजारची_सून:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. आमचं घर दांडिया बाजारातलं, जुनं, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुली. दिवाळीची साफसफाई चाललीय, रविवारी देवघरातल्या तसबिरी खाली उतरवल्या आणि धाकटीला (वय वर्षं नऊ) ओलं फडकं देऊन पुसायला बसवलं. त्यात शेषशायी विष्णूची एक मोठी तसबीर आहे, आजेसासऱ्यांच्या वेळची, काचेच्या आत एका कोपऱ्यात ओल धरून तपकिरी डाग पडलाय. ती पुसता पुसता म्हणते, आई ही एवढीशी का काढलीय? बघितलं तर खरंच की, विष्णू हातभर आडवा आणि लक्ष्मी पायाशी बोटाएवढी. इतकी वर्षं रोज फूल वाहतेय, कधी लक्षातच आलं नव्हतं. मग पुढचा प्रश्न, ही ह्यांचे पाय चेपतेय ना, मग हिचे कोण चेपतं? आजी म्हणाल्या अगं ते प्रेम असतं. तर म्हणे, मग विष्णू कधी चेपतो? आजी गप्प, मी गप्प, आणि ह्यांनी टीपॉयवर टाकलेले पाय हळूच खाली घेतले.

त्या वेळी हसण्यावारी नेलं पण डोक्यातून जात नाहीये. कारण गेल्या वर्षी नेमकी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझी अडचण आली. आठवडाभर चकल्या, अनारसे, शंकरपाळे सगळं मी केलं, आणि संध्याकाळी पूजेला मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. पूजा लक्ष्मीची, यजमान हे, आणि मी नसूनही ती व्यवस्थित पार पडली. बरं एरवी असते तेव्हा तरी काय, ह्यांच्या हाताला हात लावायचा एवढंच माझं काम. थोरली आता तेरा वर्षांची झालीय, म्हणजे यंदापासून तिलाही हे सगळं लागू. सासूबाई वाईट नाहीत हो, माझ्या नोकरीसाठी दोन्ही पोरी त्यांनीच सांभाळल्या, पण संध्याकाळी सातला त्यांची पौराणिक सिरियल लागते आणि त्यात झाडून सगळ्या देव्या गोऱ्या, डोळ्यात पाणी, आणि "स्वामी" म्हटल्याशिवाय एकीचं वाक्य सुरू होत नाही. पोरी बाजूला बसून होमवर्क करत हेच बघतात.

मला भांडण नकोय, देव सोडायचा नाहीये. फक्त नऊ वर्षांच्या मुलीला खोटं न सांगता काय सांगायचं? कोणी हाताळलंय का असं काही?

ओटल्यावरचा:
तसबीर बदला ना, विषय खल्लास. मांडवीत एवढी दुकानं आहेत, कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणा. बाकी तुमच्या मिस्टरांना आपला नमस्कार, पाय खाली घेतले म्हणजे माणूस समजूतदार आहे.

म्युझियम_फेरी:
ओटल्यावरचा, तुम्ही गमतीत म्हणालात पण ती कमळावरची लक्ष्मी तर आपल्या बडोद्याशी चांगलीच जोडलेली आहे. राजा रविवर्मा इथे आले ते १८८१ मध्ये, सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले त्या समारंभासाठी, आणि नंतर महाराजांनी त्यांच्याकडून पौराणिक चित्रं करून घेतली, फतेसिंग म्युझियममध्ये जाऊन बघा, अजून आहेत. बडोद्याचे दिवाण टी. माधवराव, जे आधी त्रावणकोरला आणि मग इंदूरलाही दिवाण होते, त्यांनीच रविवर्मांना सुचवलं होतं की चित्रांचे ओलिओग्राफ (तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप) काढा, लोकांच्या घरोघरी जातील. पुढे १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला आणि ज्यांना देवळात गाभाऱ्यापर्यंत जाऊ देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर देव आले, हे फार मोठं काम झालं यात वादच नाही. आणि त्यातली लक्ष्मी एकटी उभी आहे बरं का, बाजूला नवरा नाही, कोणाचे पाय नाहीत. पण ती गोरी, घरंदाज, अंगभर साडी नेसलेली, आणि एकदा तो साचा पडला की कॅलेंडर, अगरबत्तीचा पुडा आणि आता सिरियल, सगळीकडे तीच बाई. सासूबाईंच्या सात वाजताच्या देव्या तिच्याच नाती-पणत्या.

मात्र पाय चेपण्याचं खापर कॅलेंडरवर फोडू नका, ते फार जुनं आहे. ललितपूरजवळ देवगडला दशावतार मंदिर आहे, गुप्तकाळातलं, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं, तिथल्या शेषशायी शिल्पातही लक्ष्मी विष्णूचा पाय हातात घेऊन बसलीय. महत्त्वाचा तो मोठा, सेवेतला तो छोटा, ही शिल्पकारांची ठरलेली पद्धत, त्यामुळे तुमच्या लेकीने जे पकडलं ते शंभर टक्के बरोबर आहे. पण त्याहीपेक्षा जुनं बघायचं तर सांचीच्या तोरणावर कमळात एक बाई आहे, दोन्ही बाजूंनी हत्ती पाणी घालतायत, आणि ती एकटीच. कोणी तिला गजलक्ष्मी म्हणतं, कोणी बुद्धाची आई माया. म्हणजे आधी एकटी होती, पायाशी नंतर गेली, निदान दगडात तरी.

सरळमार्गी:
दर सणाला हेच का सुरू होतं कळत नाही. पाय चेपणं म्हणजे गुलामी हे कोणी ठरवलं? माझी आजी आजोबांचे पाय चेपायची आणि आजोबा तिच्या डोक्याला तेल लावून द्यायचे, आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आपण लक्ष्मीनारायण म्हणतो, सीताराम म्हणतो, राधाकृष्ण म्हणतो, बाईचं नाव आधी. रामालासुद्धा सीतेशिवाय यज्ञ करता आला नाही, सोन्याची सीता बाजूला बसवावी लागली. यत्र नार्यस्तु पूज्यन्ते रमन्ते तत्र देवताः हे आपल्याच धर्मात लिहिलंय. लेकीला हे सांगा, उगाच तिच्या डोक्यात काहीतरी भरू नका.

दांडियाबाजारची_सून:
सरळमार्गी, डोक्यात मी काही भरलं नाही हो, तिने फडकं मारता मारता स्वतःच विचारलं. आजोबांचं तेल मात्र आवडलं, खरंच. पण सोन्याची सीता चालली म्हणजे खरी नसली तरी यज्ञ झालाच की. आमच्याकडे गेल्या दिवाळीत माझ्या जागी साधी सुपारीसुद्धा ठेवली नव्हती.

पुराणातली_वांगी:
मी निवृत्त संस्कृत शिक्षक, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या. सरळमार्गींनी दिलेली ओळ मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातली, आणि त्याच पुस्तकात नवव्या अध्यायात "न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति" आहे, पिता लहानपणी राखतो, नवरा तारुण्यात, मुलगा म्हातारपणी. लग्नपत्रिकेवर पहिली छापतात, दुसरी कोणी छापत नाही पण घरात चालते तीच. असो.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न, विष्णू कधी चेपतो. ताई, उत्तर आहे! भागवताच्या दहाव्या स्कंधात भृगू ऋषींची गोष्ट आहे, तिन्ही देवांत थोर कोण याची परीक्षा घ्यायला ते निघतात आणि वैकुंठात येऊन विष्णूच्या छातीवर सरळ लाथ मारतात. त्या वेळी विष्णू कसा झोपलाय माहितीये? "शयानं श्रिय उत्सङ्गे", म्हणजे लक्ष्मीच्या मांडीवर. तुमच्या तसबिरीत ती पायाशी आहे, इथे त्याचं डोकं तिच्या मांडीवर आहे. आणि लाथ खाल्ल्यावर तो उठतो, म्हणतो, महाराज, तुमचे पाय फार कोमल, आणि आपल्या हाताने ऋषींचे पाय चोळतो. तेव्हा विष्णू पाय चेपतो, पण बायकोचे नाही, लाथ मारणाऱ्याचे.

भागवतात गोष्ट तिथेच संपते. पण आपल्या कोल्हापूर-तिरुपतीच्या कथेत पुढचं आहे. लक्ष्मी म्हणते, ज्या छातीत मी राहते तिथे हा लाथ मारतो आणि तुम्ही त्याचे पाय चेपताय? आणि वैकुंठ सोडून थेट कोल्हापूरला निघून येते. अजूनही दर नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, लोक श्रद्धेने म्हणतात नवऱ्याकडून आलाय. तिकडे पंढरपुरात रखुमाईसुद्धा रुसून दिंडीरवनात जाऊन बसली, म्हणून तिचा गाभारा विठोबाच्या बाजूला नाही, वेगळा आहे. आपल्याकडच्या दोन्ही मोठ्या देव्या घर सोडून गेलेल्या आहेत, गंमत बघा. आता कोणी म्हणेल बाईने रुसायचंच का, हाही एक साचाच झाला, तर ते मान्य. पण रुसून का होईना, उठून गेल्या.

सिरियलचं म्हणाल तर तो मोठा रोग. दूरदर्शनवर १९८८ मध्ये महाभारत लागलं तेव्हापासून मी वर्गात विचारत आलो, युद्ध कशामुळे झालं? निम्मी पोरं ओरडायची, द्रौपदी हसली म्हणून सर, "अंधे का पुत्र अंधा" म्हणाली म्हणून. व्यासांच्या सभापर्वात दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसतात भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर. पुढे घरी जाऊन बापाकडे कागाळी करताना दुर्योधन सांगतो की द्रौपदीपण बायकांबरोबर हसली. आंधळ्याचा पोरगा आंधळा हे वाक्य तिच्या तोंडी कुठेच नाही. पुरुषांनी द्यूत मांडलं, पुरुषांनी बायको पणाला लावली, आणि एवढ्या मोठ्या युद्धाचं बिल फाडलं बाईच्या हसण्यावर. त्याच सभेत तिने विचारलेला प्रश्न, की धर्मराज आधी स्वतःला हरले असतील तर मला पणाला लावायचा हक्क त्यांना उरला कुठे, तो कोणाच्या लक्षात राहत नाही. भीष्मांनाही उत्तर आलं नव्हतं, तुमच्या घरी तुम्ही गप्प बसलात त्यात काय विशेष.

ओटल्यावरचा:
मास्तर, एकदम मस्त! पण बालाजीने नंतर पद्मावतीशी लग्न केलं तेही नऊ वर्षांच्या पोरीला सांगायचं का?

पुराणातली_वांगी:
ते ती आपण होऊन विचारेल. तयारी ठेवा.

मांजलपूरची_मावशी:
मी फार शिकलेली नाही, मास्तरांसारखं श्लोकातलं येत नाही, पण लिहावंसं वाटलं. आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. पहिल्या संक्रांतीला समोरच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं, मला निरोप होता "तिळगुळाला या". गेले. ओळीने बायका बसलेल्या, यजमानीण करंडा घेऊन एकेकीला लावत येत होती, माझ्यापर्यंत आली आणि तिने करंड्याचं झाकण लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, आणि पुढच्या बाईपाशी जाऊन झाकण परत उघडलं. टक् असा आवाज झाला त्या झाकणाचा. तिचा राग नाही आला, कारण तीस वर्षं मीपण हेच करत होते, माझ्याच धाकट्या नणंदेला मी असंच गाळत आले आणि ती बिचारी दर वर्षी येऊन भांडी विसळून जायची. तेव्हा मला वाटायचं हिला कामाची हौस आहे.

२०२२ साली कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला ना, नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद, ते पेपरात वाचलं आणि त्या वर्षी नणंदेला घरी बोलावून मीच कुंकू लावलं. तिने लावून घेतलं, पण जिना उतरताना पदराने पुसलं. सोसायटीतल्या बेन लोकांनी बघू नये म्हणून. आता लावते, पुसत नाही, पण तेवढ्याला दोन वर्षं गेली.

तर सुनबाई, तुम्ही लेकीला काय सांगायचं ते सांगा, पण आधी सासूबाईंपाशी बसा. त्यांनीही दारात उभं राहून दिवाळ्या काढल्या असणार, त्यांना कोणी विचारलं नसेल एवढंच.

सरळमार्गी:
मावशी, तुमचं वाचून गप्प बसलो. झाकणाचं आमच्या आईच्या बाबतीतही असंच.

दांडियाबाजारची_सून:
सगळ्यांचे आभार. मावशी, काल दुपारी करंज्या करताना सासूबाईंना विचारलं. आधी म्हणाल्या आमच्या वेळी असं काही वाटायचं नाही, आणि मग चार करंज्या लाटून झाल्यावर स्वतःहून सांगायला लागल्या. लग्नानंतरची पहिली दिवाळी त्यांनी कोठीच्या खोलीत काढली होती, सासरे बाहेर फटाके लावत होते आणि ह्या आवाजावरून ओळखत होत्या, हा भुईनळा, हे लवंगी. नवी साडी ट्रंकेतच राहिली. मला एवढ्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. लगेच काही बदललं असं नाही, मला पूजेला बसू देणार का याचं उत्तर अजून "बघू" एवढंच आहे, पण थोरलीला दारात उभं करणार नाही असं म्हणाल्या, नातीसाठी नियम वेगळा, मी तेवढ्यावर सध्या थांबलेय.

तसबीर काही बदलली नाही, सासऱ्यांच्या वडिलांची आहे, जागच्या जागी गेली. मास्तरांची गोष्ट मात्र रात्री धाकटीला सांगितली, लाथ, पाय चोळणं, वैकुंठ सोडणं, सगळं. सासूबाई सिरियल म्यूट करून ऐकत होत्या. धाकटीने विचारलं, मग तो शालू पाठवतो तर ती परत का नाही जात? मी उत्तर शोधतेय तोवर आजीच म्हणाल्या, शालू ठेवून घेते ती, जात नाही.