एअर फिल्टर बदलल्याने ट्रकचं ॲव्हरेज खरंच वाढतं का?

दहाचाकी_कराड

गळीत हंगाम तोंडावर आलाय आणि आमच्याकडे दरवर्षीचा वाद पुन्हा सुरू झालाय. गाडीने ॲव्हरेज कमी दिलं की मालक म्हणतो, "तू फिल्टर साफ ठेवला नाहीस", आणि डिझेलची तूट ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापतो. ओळखीच्या एका ड्रायव्हरच्या बाबतीत परवा हेच झालं. गाडी साडेचारवरून चारवर आली. मालकाने हाऊसिंग (फिल्टरचा डबा) उघडलं, काळा पडलेला फिल्टर दाखवला आणि विषय संपवला.

लिटरमागे अर्धा किलोमीटर एकट्या एअर फिल्टरमुळे जात नाही, असं माझं ठाम मत आहे. कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो अशा गाड्यांत, तर नाहीच नाही. फिल्टर असतो तो इंजिनाच्या आयुष्यासाठी. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये चोंदलेले फिल्टर लावून चाचण्या घेतल्या होत्या. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाड्यांचं मायलेज घटलं नाही, पिकअप तेवढा कमी झाला. कुणाचं म्हणणं वेगळं असेल तर कारणासकट लिहा.

पंपमेस्त्री_मिरज

दादा, तुम्ही सांगताय तो निष्कर्ष पेट्रोल गाड्यांचा आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची झडप आधीच हवा अडवत असते. फिल्टर चोंदला तर पाय थोडा जास्त दाबायचा, झडप तेवढी उघडते, हिशेब जिथल्या तिथे. डिझेलला हवा अडवून ताकद कमी-जास्त करायची पद्धतच नाही. तिथे हवा पूर्ण घ्यायची आणि डिझेल कमी-जास्त सोडायचं. म्हणजे फिल्टरमधला अडथळा सगळाच्या सगळा इंजिनाला सोसावा लागतो.

शिवाय आपल्या भागातल्या निम्म्या उसाच्या गाड्या अजून जुन्या, बिनकॉम्प्युटरच्या डिझेल पंपावरच्या आहेत. त्या पंपाला हवा किती आली ते कळत नाही. रॅक (पंपातली डिझेलचं माप ठरवणारी पट्टी) जेवढा पुढे गेला तेवढं डिझेल तो सोडणारच. हवा कमी पडली की ते अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. तो धूर म्हणजे तुमच्याच टाकीतलं डिझेल. अशा गाडीचा फिल्टर बदलला की ॲव्हरेज सुधारतं, हे मी माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर कायम बघत आलोय.

सातारा_इंजिन

मेस्त्रींचं थ्रॉटलबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण अडथळा किती, हेही मोजू.

१ किलो डिझेल पूर्ण जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. १ लिटर डिझेल ८३० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे लिटरमागे कमीत कमी १२ किलो हवा. आकारमानात ती दहा हजार लिटरच्या वर जाते. ही झाली अगदी कमीत कमी हवा. डिझेल इंजिन प्रत्यक्षात याच्या दीडपट, हलक्या लोडवर दुप्पट आणि त्याहून जास्तही घेतं. एवढी शिल्लक असते म्हणून फिल्टर थोडा भरला तरी डिझेल नीट जळतं.

आता अडथळा बघा. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा. बऱ्याच टर्बो डिझेलना फिल्टर बदलायची मर्यादा २५ इंच पाणी (हवेच्या दाबातली घट पाण्याच्या उंचीत मोजलेली) दिलेली असते, म्हणजे ६ किलोपास्कलच्या आसपास. पूर्ण लोडवर पिस्टनवर मिळणारा सरासरी उपयोगी दाब १५०० किलोपास्कलच्या घरात असतो. त्यातले ६ गेले तर अर्धा टक्कासुद्धा होत नाही. टर्बोला तेवढाच बूस्ट (हवेचा वाढीव दाब) देण्यासाठी जादा कष्ट पडतात, ते धरले तरी माझ्या हिशेबाने टक्का-दीड टक्क्यापुढे जात नाही. ४ च्या ॲव्हरेजमध्ये १ टक्का म्हणजे लिटरमागे ४० मीटर. साडेचारवरून चार म्हणजे ११ टक्के. एवढं डिझेल खाणारं कारण शोधायचं असेल तर टायरची हवा, ब्रेक घासतोय का, इंजेक्टर, इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) फाटलेला होज आणि भरलेला माल बघा.

बेदाणा_ट्रान्सपोर्ट_तासगाव

मी ड्रायव्हरचा भत्ता कापतो, आणि का कापतो ते सांगतो. माझ्या गाड्या तासगाव-सांगलीहून बेदाणा आणि हळद घेऊन लांबच्या भाड्याला जातात. तुमचा टक्का तुम्हाला ४० मीटर वाटत असेल, मला तो शंभर लिटरला एक लिटर दिसतो. सगळ्या गाड्यांचं वर्षाचं डिझेल धरा, त्यात फिल्टर आरामात निघतात. म्हणून मी वेळेआधीच बदलतो आणि ड्रायव्हरनेही लक्ष ठेवावं अशी अपेक्षा करतो. गाडी त्याच्या हातात असते. फिल्टर, टायर, ताडपत्री, सगळं त्यानेच बघायचं असतं.

कुंभार्लीघाट

मी ड्रायव्हर आहे. वरचं गणित सपाट रस्त्याला खरं असेल, पण चिपळूणकडून माल भरून कुंभार्ली चढून बघा. कॉमन रेल गाडीला हवा कमी मिळाली की तिचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) धूर होऊ नये म्हणून डिझेल कापतो. म्हणून धूर दिसत नाही, पण गाडी दम सोडते. जो चढ तिसऱ्यात निघायचा तो दुसऱ्यात काढावा लागतो. आरपीएम चढलेला, वेग बैलगाडीचा, आणि वळणावर समोरून एसटी आली की थांबून पुन्हा उचला. फिल्टर डिझेल खात नसेल, पण खालच्या गिअरमध्ये ते जातंच. भत्ता कापायचा तो मालक हे कुठे धरतो?

आणखी एक. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला आणि कराड घाटावर. जातानाचं आणि येतानाचं ॲव्हरेज सारखं कसं येईल? एका फेरीच्या एका बाजूचं डिझेल मोजून ड्रायव्हरला चोर ठरवतात.

दहाचाकी_कराड

हेच म्हणायचं होतं. तासगावकर, तुम्ही वेळेआधी फिल्टर बदलता यावर माझा आक्षेप आहे. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो बारीक धूळ उलट जास्त चांगली अडवतो. कोरा फिल्टर पहिल्या काही दिवसांत सगळ्यात कमी अडवतो. सारखं उघडझाक केलं की दर वेळी हाऊसिंगमधली धूळ आत पडायची शक्यता वाढते. ॲव्हरेजच्या नादात इंजिन जाईल.

उसाची_गाडी_पलूस

आम्हाला बदलणंच परवडत नाही, सीझनला रोज हवा मारतो. फडात गाडी घातली की मुरूम आणि पाचटाचा भुसा, कारखान्याच्या गाडीअड्ड्यात नंबरला थांबलं की चिपाडाची धूळ. संध्याकाळी पंक्चरवाल्याकडे फिल्टर काढायचा, टायरवर दोन-चारदा आपटायचा आणि कॉम्प्रेसरची हवा मारायची. लगेच पिकअप येतो, ॲव्हरेजही येतं. यात चूक काय?

पंपमेस्त्री_मिरज

ॲव्हरेजच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूचा आहे, पण हे करू नका भाऊ. टायरवर आपटलं की फिल्टरची टोपी वाकते, सील बसत नाही. टायरच्या दाबाची हवा जवळून मारली की कागदाला भोकं पडतात. डोळ्याला दिसत नाहीत. अंधारात फिल्टरच्या आत बॅटरी लावा आणि बाहेरून फिरवून बघा. सुईच्या टोकाएवढा उजेड जरी दिसला तरी तो फिल्टर गेला. हवा मारायचीच असेल तर दाब ३० पीएसआयच्या आत, आतून बाहेर, नोझल लांब धरून. आतला छोटा सेफ्टी फिल्टर तर कधीच साफ करायचा नाही, तो बदलायचाच.

दुसरी तपासणी याहून महत्त्वाची. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी होज काढा, आतून बोट फिरवा. बोटाला कोरडी धूळ लागली तर ज्युबिली क्लिप ढिली आहे किंवा सील फुटलाय. ती धूळ लायनर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनच्या रिंगा घासते. मग कॉम्प्रेशन उतरतं, ऑइल वर चढतं, आणि तेव्हा जे ॲव्हरेज जातं ते नवा फिल्टर लावून परत येत नाही. हाफ इंजिन काढावं लागतं, म्हणजे इंजिन उघडून लायनर-रिंगांचं काम.

सातारा_इंजिन

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांबद्दल एक भर घालतो, ही माझ्या आधीच्या गणितात नव्हती. हवा कमी पडली की काजळी वाढते, ती डीपीएफमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साठते आणि गाडी ती जाळण्यासाठी जादा डिझेल वापरते. त्यामुळे फिल्टरची मर्यादा ओलांडून गाडी चालवत राहिलात तर या गाड्यांत नुकसान जास्त दिसेल. पण मर्यादा ओलांडल्यावर. तिच्या आत असताना नाही.

मर्यादा ओलांडली का, ते किलोमीटरवर ठरत नाही. हायवेवर पुणे-कोल्हापूर करणारी गाडी आणि जतच्या क्रशरवर खडी भरणारी गाडी यांचा फिल्टर एकाच आकड्याला कसा बदलणार? हाऊसिंगवर पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा इंडिकेटर असतो, त्यात लाल पट्टी वर आली की बदला. नवीन फिल्टर लावल्यावर वरचं बटण दाबून पट्टी खाली घ्या. आपल्याकडे अनेक गाड्यांवर तो तुटलेला किंवा धुळीने माखलेला असतो, आणि मग रंग बघून निकाल लावतात. फिल्टर काळा दिसतो म्हणजे चोंदला, असं होत नाही.

बेदाणा_ट्रान्सपोर्ट_तासगाव

इंडिकेटर बसवून घेतो, ते पटलं. त्यामुळे ड्रायव्हरची बाजूही कळेल. पट्टी लाल असूनही त्याने सांगितलं नाही, तर मात्र कापणार.

कुंभार्लीघाट

आणि सांगूनही तुम्ही फिल्टर दिला नाहीत, तर? तेही लिहून ठेवा. फोटो काढून तारखेसह पाठवायचा, दोघांच्याही मोबाइलवर राहील.

उसाची_गाडी_पलूस

माझी गाडी जुनी, बिनटर्बोची. तिला हा इंडिकेटर चालेल का?

पंपमेस्त्री_मिरज

चालेल. फिल्टर आणि मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटून देणारा पाइप) यांच्या मधल्या पाइपवर बसतो. फक्त घेताना दुकानदाराला बिनटर्बो सांगा. तिची मर्यादा कमी असते, साधारण २० इंच. टर्बोचा २५ वाला लावलात तर पट्टी उशिरा वर येईल. आणि बसवायच्या आधी होजमध्ये बोट फिरवून बघाच.