साइन-कॉसचे फॉर्म्युले पाठ करून काय मिळतं?

वर कुणीतरी विचारलंय की अकरावीच्या मुलाला साइन ए अधिक साइन बी असले फॉर्म्युले घोकायला लावून काय मिळतं. थोडी भर घालतो, मी पणजीत हायर सेकंडरीच्या पोरांच्या ट्यूशन घेतो.

दहावीपर्यंत ट्रिगोनॉमेट्री म्हणजे काटकोन त्रिकोण नि झाडाची उंची, बस. अकरावीत कोन वर्तुळावर फिरायला लागतो, १८० अंश म्हणजे पाय (π) रेडियन होतात (रेडियन हे कोन मोजायचं दुसरं माप), आणि साइन ही एक लाट होते, हा बदल समजला नाही की पुढचं सगळं नुसती घोकंपट्टी. मी सरळ पणजीजवळच्या मांडवी नदीचं उदाहरण देतो. चंद्रामुळे येणारी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येते, सूर्याची बरोबर १२ तासांनी, दोन लाटांची बेरीज करा, एकमेकींना धरून चालल्या की अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण, उलट पडल्या की अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. हे पंधरवड्याचं चक्र त्या बेरजेच्या फॉर्म्युल्यातून दिसतं! (दोन्ही लाटांची उंची सारखी नसते, चंद्राची मोठी, म्हणून फॉर्म्युला जसाच्या तसा बसत नाही, पण पोरांना मुद्दा कळतो.) नदीपलीकडच्या बेतीहून फेरीबोटीने येणारी पोरं तर लगेच मान डोलावतात, पाणी कधी किती चढतं ते रोज बघतात ना.

अल्जेब्रात क्वाड्रॅटिक, सिक्वेन्स, बायनॉमियल वगैरे ठीकच. कॉम्प्लेक्स नंबर मात्र बहुतेक ठिकाणी उरकून टाकतात, ते चूक आहे, आयने (i, म्हणजे वजा एकचं वर्गमूळ) गुणलं की बिंदू ९० अंशांनी फिरतो एवढं आकृती काढून दाखवलं तरी पोरं जागी होतात.